आणीबाणीतल्या देवाणघेवाणीसाठी संग्राह्य नाणी घ्यावीत की साधं सोनं-चांदी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चलन कोसळलं किंवा बँका बंद पडल्या तर गरजेच्या वस्तू मिळवायला हाताशी थोडं सोनं-चांदी असावं असं वाटतं. विक्रेता म्हणतो की लगडी आणि साधी नाणी नकोत, जुनी दुर्मीळ नाणी घ्या. धातूचा भाव पडला तरी त्यांची किंमत पडत नाही, आणि सरकार ती जप्तही करत नाही. हे खरं मानायचं का?

देवाणघेवाणीपुरतं बोलायचं तर नाही. कारण सोपं आहे, पण विकणारे ते सांगत नाहीत. संग्राह्य नाण्याच्या किमतीत दोन भाग असतात. एक भाग धातूचा, तो वजनकाट्यावर दिसतो. दुसरा भाग जाणकारांच्या मताचा: साल कोणतं, टांकसाळ कोणती, झीज किती, अशी किती नाणी उरली आहेत, आणि आज ती किती जणांना हवी आहेत. हा दुसरा भाग वसूल व्हायचा तर व्यवहारात एक तिसरा माणूस लागतो, म्हणजे पारखी, लिलावगृह किंवा निदान दुसरा संग्राहक. आणीबाणीत नेमका तोच जागेवर नसतो. समोर असतो तो डिझेलचा डबा किंवा औषधाची पट्टी घेऊन उभा असलेला माणूस. तो तुमचं नाणं हातात घेऊन एकच विचारतो, “यात चांदी किती?”

मॉर्गन डॉलर हे अमेरिकेचं जुनं चांदीचं नाणं घ्या. वजन २६.७३ ग्रॅम, ९० टक्के चांदी, म्हणजे शुद्ध चांदी २४ ग्रॅमच्या किंचित वर. १८८१ साली सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीत पडलेलं हे नाणं ढिगाने मिळतं. त्याच टांकसाळीचं १८९३चं नाणं मात्र फक्त एक लाख पाडलं गेलं, आणि संग्राहक त्यासाठी कित्येक पट मोजतात. दोन्हींत धातू तेवढाच. त्या सालच्या दुसऱ्या टांकसाळींच्या नाण्यांपासून हे वेगळं ओळखायचं ते मागच्या बाजूला, पानांच्या तोरणाखाली असलेल्या एका बारीक ‘एस’ अक्षरावरून. हे अक्षर साध्या नाण्यावर चिकटवून फसवण्याचे प्रकार इतके झाले आहेत की चांगला पारखीही भिंगाखाली पाहिल्याशिवाय हो म्हणत नाही. रस्त्यावरच्या व्यवहारात ही दोन नाणी अगदी एका भावात जातील, आणि तो भाव २४ ग्रॅम चांदीचा असेल.

दर्जाचंही तेच. नाण्याची अवस्था १ ते ७० अशा गुणांनी ठरवतात. वरच्या टोकाला एका गुणाच्या फरकाने किंमत दुप्पट होऊ शकते. हा फरक म्हणजे गालावरचा एखादा ओरखडा किंवा पृष्ठभागाची चमक. साध्या डोळ्यांना तो दिसत नाही, म्हणून अशी नाणी प्लास्टिकच्या सीलबंद पेटीत, गुण लिहिलेल्या चिठ्ठीसह विकली जातात. पेटी असेपर्यंत नाण्याचं वजन करता येत नाही, जाडी मोजता येत नाही, ते वाजवूनही बघता येत नाही. पेटी फोडली की गुण गेले. त्यातून पेट्याही नकली निघतात. थोडक्यात, समोरच्याला खात्री पटवण्यासाठी जे करावं लागतं त्यानेच तुम्ही मोजलेली जादा किंमत नष्ट होते. खिशात दुसऱ्या नाण्यांवर घासलं, कुणी कापडाने चोळून चकचकीत केलं, कुणी काठावर कानस मारून बघितलं, तर संग्राह्य नाण्याचं नुकसान होतं. साध्या बुलियन नाण्याला, म्हणजे धातूच्या भावानेच विकल्या जाणाऱ्या नाण्याला, यातलं काहीच बाधत नाही, कारण त्याला दिसण्याची किंमत नाहीच.

आता जप्तीची गोष्ट. तिचं मूळ अमेरिकेतल्या ५ एप्रिल १९३३च्या अध्यक्षीय आदेशात आहे. लोकांनी आपलं सोनं बँकांत जमा करावं असं त्यात म्हटलं होतं. भाव तेव्हा औंसाला (सोन्या-चांदीचा औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम) २०.६७ डॉलर होता. पुढच्या वर्षी तो ३५ डॉलर झाला, आणि ज्यांनी सोनं दिलं ते मधल्या फरकाला मुकले. त्या आदेशात दोन सवलती होत्या. माणशी १०० डॉलरपर्यंतची सोन्याची नाणी ठेवायची मुभा होती, आणि संग्राहकांना विशेष मोल असलेली दुर्मीळ नाणी वगळली होती. विक्रेते आजही दुसऱ्या सवलतीचा दाखला देतात आणि पहिलीबद्दल बोलत नाहीत. १९३४ साली तिथेच चांदीबाबत आदेश निघाला तेव्हा लगडींची चांदी मागितली गेली, पण चांदीची नाणी साधी असली तरी वगळली होती. एका देशाच्या, नव्वद वर्षांपूर्वीच्या आदेशातल्या एका ओळीवरून पुढच्या आदेशाची भाषा ओळखता येत नाही. आणि त्या ओळीसाठी दुप्पट किंमत मोजणं म्हणजे न काढलेल्या विम्याचा हप्ता भरणं.

पण म्हणून लगड घ्यावी, असंही नाही. “साधं बुलियन” हा एकच माल नाही, आणि बरेच जण इथेच फसतात.

लगड ग्रॅममागे सगळ्यात स्वस्त पडते. १ किलो चांदीची वीट किंवा १०० औंसांची लगड साठवणुकीला उत्तम, पण देवाणघेवाणीला निरुपयोगी. ती तोडता येत नाही. करवतीने कापलीत तर भुगा वाया जातो, आणि तुकड्यावर शिक्का नसल्याने तो तुकडा चांदीचाच आहे हे कुणी मानत नाही. १ ग्रॅमची छोटी सोन्याची पत्री मिळते, ५० तुकडे मोडून वेगळे करता येतील अशी पाटीही मिळते. यांत घडणावळ जास्त असते, आणि नखाएवढ्या पत्रीची पारख करायला समोरच्याकडे काहीच साधन नसतं. खाजगी टांकसाळींच्या गोल चकत्याही मिळतात. त्यांची शुद्धता ठीक असते, पण चित्र कुणाच्या ओळखीचं नसतं. ओळखीची माणसं असतील तर त्या चालतात, अनोळखी बाजारात त्यांच्यावर घट लागते.

या प्रकारच्या व्यवहारात खरा भाव ओळखीला मिळतो, दुर्मीळपणाला नाही. मारिया तेरेसा थालर हे याचं सगळ्यात ठळक उदाहरण. ऑस्ट्रियाच्या या चांदीच्या नाण्यावर साल १७८० आहे, वजन २८.०७ ग्रॅम आणि शुद्ध चांदी २३.३९ ग्रॅम. राणी वारल्यावरही तेच साल घालून ते पाडत राहिले, कारण इथिओपिया आणि अरबस्तानात लोक हेच नाणं मागत. राणीच्या खांद्यावरच्या पदकातले मोती मोजून ते नाणं स्वीकारायचे, आणि मोती कमी दिसले तर परत करायचे. दुर्मीळपणा तिथे दोष ठरला असता, कारण वेगळं दिसणारं नाणं म्हणजे संशयास्पद नाणं. १९९१च्या आखाती युद्धात ब्रिटिश विशेष दलाच्या सैनिकांकडे शत्रूच्या मुलखात अडकल्यास वापरायला सॉव्हरिन ही ब्रिटनची सोन्याची नाणी दिलेली होती. ती निवडही याच हिशोबाने होती.

म्हणून पहिली पसंती सरकारी टांकसाळींच्या, मोठ्या संख्येने पाडलेल्या बुलियन नाण्यांना द्या. सोन्यात दक्षिण आफ्रिकेचा क्रुगररँड, कॅनडाचं मेपल लीफ, अमेरिकन ईगल. चांदीत ईगल, मेपल लीफ, ऑस्ट्रियाचं फिलहार्मोनिक. दुसरी पसंती जुन्या, वापरातून झिजलेल्या, पण दुर्मीळ नसलेल्या नाण्यांना. ब्रिटिश सॉव्हरिन ७.९९ ग्रॅमचा असतो, २२ कॅरेट, शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम. फ्रान्सचं जुनं २० फ्रँकचं नाणं ६.४५ ग्रॅमचं असतं, ९० टक्के सोनं, म्हणजे शुद्ध ५.८१ ग्रॅम. ही नाणी जुनी आहेत, पण लाखोंनी पाडलेली असल्यामुळे सर्वसाधारण सालांना धातूच्या भावापेक्षा फार जास्त पडत नाहीत. “जुनं” आणि “संग्राह्य” यांतला हा फरक विक्रेत्याकडे गेल्यावर विसरू नका.

चांदीत १९६४पर्यंतची अमेरिकन सुटी नाणी सुट्या पैशाचं काम चोख करतात. डाइम (१० सेंट) २.५ ग्रॅम, क्वार्टर (२५ सेंट) ६.२५, हाफ डॉलर १२.५, सगळी ९० टक्के चांदीची. डाइममध्ये शुद्ध चांदी २.२५ ग्रॅम, इतका बारीक सुट्याचा नग दुसरीकडे सहज मिळत नाही. एक डॉलर दर्शनी किमतीच्या कोऱ्या नाण्यांत ०.७२३ औंस चांदी असते, पण व्यापारी झीज धरून ०.७१५ मोजतात, तुम्हीही तेच मोजा. दोन ठिकाणी चुका होतात. १९६५ ते १९७०चे हाफ डॉलर फक्त ४० टक्के चांदीचे आहेत आणि दिसायला सारखेच. १९६५पासूनच्या डाइम-क्वार्टरमध्ये तर चांदी नाहीच. काठाकडून बघितलं की तांब्याची तांबूस पट्टी दिसते. ब्रिटिश नाण्यांत १९१९पर्यंत ९२.५ टक्के चांदी होती, १९२० ते १९४६ पन्नास टक्के, नंतर काहीच नाही. ज्या भागात ही नाणी कुणी पाहिलेलीच नाहीत तिथे त्यांचा उपयोग कमी होतो. तिथे “शुद्ध चांदी १ औंस” असं स्वतःवर लिहिलेलं नाणंच बरं.

सोनं किती आणि चांदी किती, याचं उत्तर सुट्याच्या अडचणीत आहे. सोनं आणि चांदीच्या भावांचं गुणोत्तर बरंच हलतं. २०११मध्ये ते तिसाच्या घरात आलं होतं, मार्च २०२०मध्ये एकशेवीसच्या वर गेलं. ८० धरलं तर एका सॉव्हरिनची किंमत सुमारे ५८६ ग्रॅम चांदी, म्हणजे एक औंसाची जवळपास १९ नाणी. तुम्हाला हवंय एक पाकीट औषध, हातात आहे सॉव्हरिन, आणि समोरच्याकडे परत द्यायला काही नाही. अशा वेळी उरलेला फरक तुमचाच बुडतो. संग्राह्य नाण्यात हा तोटा आणखी वाढतो, कारण तिथे एकच नग म्हणजे मोठी रक्कम असते. देवाणघेवाणीसाठी बाजूला काढलेल्या रकमेचे दोन तृतीयांश छोट्या चांदीत आणि उरलेले सॉव्हरिनसारख्या छोट्या सोन्यात ठेवावेत, हे माझं मत. औंसाचं अख्खं सोन्याचं नाणं प्रवासासाठी किंवा मोठ्या खरेदीसाठी एखाददुसरं पुरे. औंसाच्या दहाव्या भागाचं सोन्याचं नाणं सोयीचं वाटतं, पण घडणावळ नगावर लागत असल्याने त्यात धातूच्या भावावरची जादा किंमत सगळ्यात जड असते.

वजनही लक्षात घ्या. ही नाणी नळीत रचून मिळतात. चांदीच्या ईगलची नळी २० नाण्यांची, म्हणजे ६२२ ग्रॅम. मेपल लीफची २५ नाण्यांची. पाच नळ्या उचलून चालत जायचं असेल तर तीन-चार किलो ओझं होतं.

एक गोष्ट मात्र विकणारे आणि घेणारे दोघेही टाळतात: संकटाच्या पहिल्या काही दिवसांत धातूला कुणी विचारत नाही. तेव्हा रोकड, इंधन, बॅटरी, साबण, औषधं चालतात. वस्तूच नसतील तर सोनं देऊन काय आणणार? धातूची वेळ येते ती वस्तू आहेत पण चलनावर विश्वास उरला नाही अशा काळात. झिम्बाब्वेमध्ये २००८च्या सुमारास खेड्यांतले लोक नदीच्या वाळूतून काढलेले सोन्याचे कण काट्यावर तोलून पाव घेत होते. तिथे ना शिक्का होता ना साल, नुसतं वजन होतं.

आता पारख. नाणं खणखणीत वाजवून घ्यावं म्हणतात ते उगाच नाही, पण आवाज ही एकच कसोटी पुरत नाही. ०.०१ ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा, जाडी-रुंदी मोजायचा व्हर्नियर कॅलिपर, एक छोटं पण जोरदार निओडिमियम चुंबक, पाण्याचं भांडं आणि बारीक दोरा एवढं सामान ठेवा. आधी वजन. चांदीचा ईगल ३१.१ ग्रॅमपेक्षा कमी भरला तर थांबा. किंचित जास्त चालतं. मग व्यास आणि जाडी: ईगल ४०.६ मिलिमीटर रुंद आणि साधारण ३ मिलिमीटर जाड. तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेलं नकली नाणं वजनाला बरोबर आणलं तर खऱ्यापेक्षा जवळपास अर्धा मिलिमीटर जास्त जाड होतं, कारण तांब्याची घनता ८.९६ आणि चांदीची १०.४९. मापाला बरोबर आणलं तर चार-पाच ग्रॅम हलकं पडतं. दोन्ही एकदम जुळवता येत नाही.

घनता काढायची तर पाण्याचं भांडं काट्यावर ठेवून आकडा शून्य करा. नाणं दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा जे ग्रॅम दाखवेल ते नाण्याचं घनफळ. कोरडं वजन त्याने भागा. शुद्ध चांदीला साधारण १०.५, शुद्ध सोन्याला १९.३, २२ कॅरेट नाण्याला १७.५च्या आसपास आलं पाहिजे. सगळ्यात जास्त गोंधळ बुडबुड्यांनी होतो. नाण्याला चिकटलेली हवा घनफळ वाढवते आणि खरं नाणं हिणकस ठरतं. पाण्यात साबणाचा एक थेंब टाका आणि नाणं हलवून घ्या. दुसरा गोंधळ छोट्या नगांचा. सॉव्हरिनचं घनफळ अर्ध्या घन सेंटिमीटरहून कमी, त्यामुळे काटा ०.०१ने चुकला तरी उत्तर १७.१ ते १७.९ असं हलतं. डाइमवर तर या मापाला अर्थच नाही; दहा डाइम एकत्र बांधून मोजा.

घनता जिथे फसते तिथे दुसरी कसोटी लागते. शिसं आणि कथिलाचं मिश्रण नेमकं १०.५ घनतेला आणता येतं. ते वाजवलं की ठप्प आवाज देतं, आणि तिरप्या धरलेल्या नाण्यावरून चुंबक झरकन घसरतं. चांदीवर चुंबक चिकटत नाही, पण रेंगाळत खाली येतं. चांदी उत्तम वाहक असल्याने सरकत्या चुंबकामुळे तिच्यात वीज फिरते आणि ती चुंबकाला मागे ओढते. तांब्यावरही चुंबक रेंगाळतं, म्हणून ही परीक्षा एकटी पुरत नाही. तांबं जाडीत सापडतं.

सोन्यात भीती टंगस्टनची. त्याची घनता १९.२५, म्हणजे शुद्ध सोन्याशी जवळपास जुळती. शुद्ध सोन्याच्या लगडीला भोक पाडून आत टंगस्टनची कांडी घातली तर वजन-माप काहीच चुकत नाही. हीच युक्ती २२ कॅरेटच्या नाण्यात फसते. क्रुगररँड ३३.९३ ग्रॅमचा, ३२.७७ मिलिमीटर व्यासाचा आणि २.८४ जाडीचा, तो टंगस्टनवर मुलामा देऊन वजनाला आणला तर पाव मिलिमीटर पातळ होतो आणि कॅलिपरवर उघडा पडतो. देवाणघेवाणीसाठी २४ कॅरेटपेक्षा २२ कॅरेटची नाणी मी वर धरतो ती याचमुळे. शिवाय ती कठीण असल्याने खिशात कमी घासतात.

ॲसिडची कसोटी शेवटी ठेवा. तिने वरचा थरच कळतो, म्हणून जाड मुलामा तिला चकवतो. खाच पाडून तीत ॲसिड टाकलं तर आतलं कळतं, पण नाण्यावर कायमचा व्रण राहतो. बुलियनला तो परवडतो, संग्राह्य नाण्याला नाही.

ज्यांनी आधीच संग्राह्य नाणी घेतली आहेत त्यांनी ती तीन ढिगांत वाटावीत. ज्यांची बाजारातली किंमत धातूपेक्षा दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त नाही, ती बुलियन समजा आणि पिशवीत टाका. खरोखर दुर्मीळ असतील ती शांततेच्या काळात लिलावात विकून त्यांचं साधं सोनं-चांदी करा, किंवा संपत्ती म्हणून वेगळी ठेवा. कमी जागेत मोठी किंमत मावते, आणि संकट ओसरल्यावर संग्राहक परत येतात, हे त्यांच्या बाजूने खरं आहे. तिसरा ढीग रंगीत, “मर्यादित आवृत्ती” वगैरे नव्या स्मारक नाण्यांचा. यांना घेतानाच मोठी जादा किंमत दिलेली असते आणि विकताना ती मिळत नाही. त्यांतली काही नुसत्या मुलाम्याची किंवा तांबं-निकेलची असतात. शुद्धतेचा आकडा कोरलेला नसेल तर वजन आणि घनता बघितल्याशिवाय चांदी समजू नका. प्रूफ नाणं, म्हणजे आरशासारख्या चकाकीचं, डबीतून बाहेर काढून दिलंत की तेही साधं औंसभरच.

साठवताना नाणी मऊ पीव्हीसी पाकिटांत ठेवू नका. त्यातून सुटणाऱ्या रसायनाने हिरवट चिकट थर येतो. रबरबँडमधल्या गंधकाने चांदी काळी पडते. धातूचं नुकसान नगण्य, पण काळं-हिरवं नाणं बघून अनोळखी माणूस भाव पाडतो.

प्रत्यक्ष व्यवहाराला जाताना त्या खरेदीपुरतेच नग बरोबर घ्या, एकेका पुडीत पाच-पाच. बोली वजनात करा. “या डब्याला किती ग्रॅम चांदी” असं ठरलं की कुठल्या साली नाणं पाडलं हा विषयच निघत नाही. समोरच्याला स्वतःच्या हाताने तोलू द्या आणि मोजू द्या. पिशवीत एक कार्ड ठेवा, त्यावर तुमच्याकडच्या प्रत्येक प्रकारच्या नाण्याचं वजन, व्यास, जाडी आणि शुद्ध धातू ठळक अक्षरांत लिहिलेला असू द्या. काट्याच्या जादा बॅटऱ्या आणि काटा बरोबर आहे का ते तपासायचं प्रमाण वजन विसरू नका. प्रमाण वजन हरवलं तर आधी तपासून वेगळं ठेवलेलं ३१.१ ग्रॅमचं एक नाणं त्या कामाला चालतं.